तुटलेल्या राजनैतिक संबंधांची पुनर्स्थापना : भारत-पोर्तुगाल तह (१९७४) – एक अभ्यास

प्रस्तावना

आंतरराष्ट्रीय संबंधांच्या अध्यापनात राष्ट्राराष्ट्रांतील संबंध का बिघडतात, याची चर्चा विस्ताराने होते. बिघडलेले संबंध पुन्हा जुळतात कसे, या प्रश्नाकडे मात्र तुलनेने कमी लक्ष दिले जाते. युद्धानंतरचा तह हा जणू युद्धाचा परिशिष्ट भाग आहे, अशाच रीतीने त्याचा उल्लेख करून पाठ्यपुस्तके पुढे जातात. भारत आणि पोर्तुगाल यांच्यातील संबंध ऑगस्ट १९५५ मध्ये तुटले आणि ३१ डिसेंबर १९७४ रोजी नवी दिल्ली येथे झालेल्या तहाने पुन्हा प्रस्थापित झाले. या तहावर भारताच्या वतीने परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी आणि पोर्तुगालच्या वतीने परराष्ट्रमंत्री मारिओ सोआरेस यांनी स्वाक्षऱ्या केल्या. मराठी वाचकाला गोवा मुक्तिसंग्राम परिचित आहे. सत्याग्रहींच्या आठवणी, तुरुंगातील हालअपेष्टा, डिसेंबर १९६१ ची लष्करी कारवाई यांवर मराठीत विपुल लेखन झाले आहे. त्यानंतरच्या तेरा वर्षांतील अबोल्याविषयी आणि तो ज्या दस्तऐवजाने संपला त्याविषयी फारसे लिहिले गेलेले नाही.

प्रस्तुत लेखात या तहाचे स्वरूप तपासले आहे. या तहाने सार्वभौमत्वाचा प्रश्न एका तारखेच्या आधारे निकालात काढला, १९६१ च्या कारवाईच्या वैधतेविषयी मौन पाळले आणि माणसांच्या मालमत्तेचे व हक्कांचे प्रश्न पुढील वाटाघाटींवर सोपविले. तह शक्य झाला तो या विभागणीमुळे, आणि सामान्य माणसाला न्याय मिळण्यास विलंब झाला तोही याच विभागणीमुळे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

दुराव्याची पार्श्वभूमी

स्वातंत्र्यानंतर भारताने पोर्तुगालशी संबंध तोडून सुरुवात केली नव्हती. १९४९ मध्ये लिस्बन येथे भारताची वकिलात सुरू झाली. २७ फेब्रुवारी १९५० रोजी भारताने भारतीय भूमीवरील पोर्तुगीज वसाहतींच्या भवितव्याविषयी वाटाघाटी सुरू कराव्यात, असे निवेदन पोर्तुगालला दिले. या विषयावर चर्चाच होऊ शकत नाही, अशी पोर्तुगालची भूमिका होती. १९५१ मध्ये घटनादुरुस्ती करून सालाझार राजवटीने वसाहतींना ‘सागरापलीकडील प्रांत’ असे नाव दिले. गोवा ही वसाहत नसून पोर्तुगालचा प्रांतच आहे, असे एकदा घटनेत लिहिल्यावर त्याविषयी बोलणी करणे म्हणजे स्वतःच्या देशाची फाळणी करणे, असा युक्तिवाद करणे सोपे झाले. या शब्दबदलाचे महत्त्व पुढे १९७४ मध्ये पुन्हा दिसून येते. अखेर ११ जून १९५३ रोजी भारताने लिस्बनमधील वकिलात बंद केली.

वकिलात बंद करणे आणि संबंध तोडणे यांत फरक आहे. पोर्तुगालची दिल्लीतील वकिलात १९५५ पर्यंत चालू होती. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये दादरा आणि नगर हवेली ही ठिकाणे स्वयंसेवकांनी मुक्त केली. त्यांत संगीतकार सुधीर फडके यांच्यासारखी महाराष्ट्राला सुपरिचित माणसे होती. पुढील वर्षी पुण्याच्या गोवा विमोचन सहायक समितीच्या पुढाकाराने सत्याग्रह सुरू झाला आणि सेनापती बापट व ना. ग. गोरे यांच्या नेतृत्वाखालील पहिली तुकडी १८ मे १९५५ रोजी गोव्याच्या हद्दीत शिरली. १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार होऊन वीसहून अधिक जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर त्याच महिन्यात भारताने पोर्तुगालशी राजनैतिक संबंध तोडले.

मराठवाड्यातील अभ्यासकाला येथे हैदराबादची आठवण होणे स्वाभाविक आहे. सप्टेंबर १९४८ मधील कारवाईनंतर निजामाच्या राज्याचा प्रश्नही संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे गेला होता. परंतु निजामाने तक्रार मागे घेतल्यावर तो मिटल्यासारखाच झाला. हैदराबादच्या मागे दुसरे मान्यताप्राप्त सार्वभौम राष्ट्र उभे नव्हते. गोव्याच्या मागे नाटोचा संस्थापक सदस्य असलेला देश उभा होता आणि त्याच्या राज्यघटनेत गोव्याचा उल्लेख होता. मुक्तीची दोन्ही प्रकरणे भारतीय दृष्टीने एकाच जातीची असली, तरी एका प्रकरणात संबंध दुरुस्त करण्याचा प्रश्नच उद्भवला नाही आणि दुसऱ्यात तो दोन दशके रेंगाळला, याचे कारण या भेदात आहे.

पेशव्यांचा तह हेगच्या न्यायालयात

संबंध तुटल्यावर संवादाचे एक अनपेक्षित माध्यम शिल्लक राहिले, ते म्हणजे आंतरराष्ट्रीय न्यायालय. पोर्तुगाल १४ डिसेंबर १९५५ रोजी संयुक्त राष्ट्रांचा सदस्य झाला, १९ डिसेंबरला त्याने न्यायालयाचे अधिकारक्षेत्र मान्य केल्याचे घोषणापत्र दिले आणि २२ डिसेंबरला भारताविरुद्ध दावा दाखल केला. दमणहून दादरा व नगर हवेलीत जाण्याचा मार्ग भारतीय प्रदेशातून जात होता. तो मार्ग भारताने रोखून आपल्या सार्वभौम हक्काचे उल्लंघन केले, अशी पोर्तुगालची तक्रार होती.

दादरा-नगर हवेलीवर पोर्तुगालचा हक्क कोणत्या आधारावर होता, हे पाहण्यासाठी न्यायालयाला अठराव्या शतकातील मराठी राज्यव्यवहारात शिरावे लागले. १७७९ मध्ये पेशवे आणि पोर्तुगीज यांच्यात पुण्यास तह झाला होता. त्या तहानुसार दमण परगण्यातील बारा हजार रुपये उत्पन्नाची गावे पोर्तुगिजांना देण्याचे ठरले आणि १७८३ व १७८५ मध्ये त्यासंबंधीच्या सनदा निघाल्या. या कागदांनी गावांचे सार्वभौमत्वच दिले, असे पोर्तुगालचे म्हणणे होते. भारताचे म्हणणे असे, की मराठ्यांनी दिला तो केवळ महसुलाचा हक्क, म्हणजे जहागीर किंवा सरंजाम. राज्य दिले नाही. सरंजाम म्हणजे काय, तो काढून घेता येतो काय, तो देणाऱ्याचे स्वामित्व कायम राहते काय, हे मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकाचे नेहमीचे प्रश्न हेग येथे पंधरा न्यायाधीशांसमोर चर्चिले गेले. भारताची बाजू महान्यायवादी मो. चि. सेटलवाड यांनी सांभाळली आणि भारताने नियुक्त केलेले तदर्थ न्यायाधीश म्हणून मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले मो. क. छागला पीठावर होते.

१२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने मराठी कागदांचा भारताने लावलेला अर्थ मान्य केला. मराठ्यांनी दिला तो महसुली हक्कच होता. तथापि, पुढे ब्रिटिशांनी या गावांवर पोर्तुगिजांची सत्ता प्रत्यक्ष चालू असल्याचे पाहून ती गृहीत धरली व मान्य केली आणि भारतानेही सुरुवातीला तेच केले. म्हणून १९५४ मध्ये खासगी व्यक्ती, मुलकी अधिकारी व माल यांच्या ये-जा करण्याचा हक्क पोर्तुगालला होता, असे अकरा विरुद्ध चार मतांनी ठरले. सशस्त्र दलांना असा हक्क नव्हता, हा निर्णय आठ विरुद्ध सात अशा एकाच मताच्या फरकाने झाला. १९५४ मध्ये निर्माण झालेल्या तणावाच्या परिस्थितीत मार्ग रोखून भारताने आपल्या कर्तव्याचा भंग केला नाही, हे नऊ विरुद्ध सहा मतांनी ठरले.

दोन्ही पक्षांना आपण जिंकलो असे म्हणता येईल असा हा निकाल होता, आणि नेमका म्हणूनच त्याने काहीही मिटले नाही. न्यायालय हक्काचा निवाडा करू शकते. ज्या राजवटीला बोलायचेच नाही, तिला बोलण्यास ते भाग पाडू शकत नाही. तरीही या खटल्याचा एक परिणाम दुर्लक्षिण्याजोगा नाही. सार्वभौमत्व आणि भोगवटा, कायदेशीर मालकी आणि प्रत्यक्ष सत्ता यांत भेद करण्याची सवय दोन्ही बाजूंच्या कायदेपंडितांना या प्रकरणात लागली होती, आणि १९७४ च्या तहाची भाषा वाचताना त्या सवयीची आठवण होते.

संबंध नसतानाचे व्यवहार

१७ ते १९ डिसेंबर १९६१ या काळात भारतीय सैन्याने गोवा, दमण व दीव मुक्त केले. सुरक्षा परिषदेत भारताविरुद्धचा ठराव सोव्हिएत रशियाच्या नकाराधिकाराने फेटाळला गेला. बाराव्या घटनादुरुस्तीने (१९६२) हे प्रदेश २० डिसेंबर १९६१ पासून भारतीय संघराज्याचे भाग ठरले. दादरा व नगर हवेली त्यापूर्वीच दहाव्या घटनादुरुस्तीने ११ ऑगस्ट १९६१ पासून समाविष्ट झाली होती. पोर्तुगालने यांपैकी काहीच मान्य केले नाही.

मान्य न करण्याची किंमत सालाझार राजवटीने चुकती केली नाही. ती तिच्याच सैनिकांनी चुकती केली. शेवटच्या माणसापर्यंत लढण्याचा लिस्बनचा आदेश गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्वा यांनी पाळला नाही आणि १९ डिसेंबरच्या रात्री शरणागती पत्करली. तीन हजारांहून अधिक पोर्तुगीज सैनिक युद्धकैदी झाले. त्यांना परत नेण्याविषयी लिस्बनने इतकी उदासीनता दाखविली, की मे १९६२ मध्ये ते विमानाने कराचीस व तेथून पोर्तुगीज जहाजांनी मायदेशी पोहोचेपर्यंत पाच महिने लोटले. व्हासालो इ सिल्वा यांना १९६३ मध्ये लष्करातून काढून टाकण्यात आले.

संबंध तुटले असले तरी कामे थांबत नाहीत. ती तिसऱ्याच्या हातून करून घ्यावी लागतात. भारतातील पोर्तुगीज हितसंबंधांची जबाबदारी ब्राझीलने आणि पोर्तुगीज हद्दीतील भारतीय हितसंबंधांची जबाबदारी इजिप्तने घेतली होती. परंतु अशा मध्यस्थीच्या मर्यादा मोहन रानडे यांच्या प्रकरणात स्पष्ट होतात. सांगलीचे रानडे गोव्यात शिक्षक म्हणून राहिले, आझाद गोमंतक दलात सामील झाले आणि ऑक्टोबर १९५५ मध्ये बेती येथील पोलीस ठाण्यावरील हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेले. त्यांना सव्वीस वर्षांची शिक्षा झाली व पुढे लिस्बनजवळील काशियास येथील तुरुंगात ठेवण्यात आले. गोवा मुक्त झाला, पणजीत तिरंगा फडकला, निवडणुका झाल्या. रानडे मात्र पोर्तुगालमध्ये बंदिवासातच राहिले. ज्या प्रदेशासाठी त्यांनी शस्त्र घेतले तो भारताचा झाला होता, पण भारताचा वकील लिस्बनमध्ये नव्हता. सुधीर फडके यांच्या पुढाकाराने रानडे विमोचन समिती स्थापन झाली. तमिळनाडूचे मुख्यमंत्री सी. एन. अण्णादुराई यांनी १९६८ मध्ये पोप सहावे पॉल यांच्या भेटीत हा विषय मांडला. जानेवारी १९६९ मध्ये रानडे सुटले. दोन सरकारांना एका कैद्याविषयी थेट बोलता येत नसल्यामुळे पुण्या-मुंबईची समिती, मद्रासचा मुख्यमंत्री आणि रोमचे धर्मपीठ अशी साखळी उभी करावी लागली.

याच काळातील दुसरे उदाहरण उलट दिशेचे आहे. १९६२ च्या नागरिकत्वविषयक आदेशानुसार गोव्यात जन्मलेल्या व्यक्ती भारतीय नागरिक ठरल्या. ज्यांना पोर्तुगीज नागरिकत्व राखायचे होते त्यांना तसे जाहीर करण्याची मुभा होती. मोन्सेन्योर मोन्तेरो या गोमंतकीय धर्मगुरूंनी तसे जाहीर केले, पण पुढे परकीय नागरिक म्हणून वास्तव्याचा परवाना घेण्यास नकार दिला. गोवा हा लष्करी ताब्यातील प्रदेश आहे आणि जिनिव्हा करारांचे संरक्षण आपणास आहे, असा त्यांचा दावा होता. मार्च १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला : लष्करी ताबा ही तात्पुरती अवस्था असते, प्रदेश सामील करून घेतल्यावर ती संपते. भारतीय कायद्याच्या दृष्टीने प्रश्न येथे संपला. रानडे लिस्बनच्या तुरुंगातून सुटले त्यानंतर दोनच महिन्यांनी आपल्याच गावी परका ठरलेल्या या धर्मगुरूंचा निकाल लागावा, हा योगायोग या अबोल्याचे खरे स्वरूप दाखवितो. भारत-पोर्तुगाल व्यापार अल्प होता, त्यामुळे संबंध जुळावेत म्हणून दडपण आणणारा व्यापारी वर्ग दोन्हीकडे नव्हता. झळ पोहोचत होती ती थोड्या माणसांना, आणि थोड्या माणसांची झळ परराष्ट्र खात्यांना लवकर जाणवत नाही.

१९७४ : राजवटीतील बदल आणि तहाची भाषा

२५ एप्रिल १९७४ रोजी लिस्बनमध्ये लष्करी अधिकाऱ्यांनी कायतानो यांची राजवट उलथून टाकली. अंगोला, गिनी आणि मोझांबिक येथील दीर्घ युद्धांनी पोर्तुगालचे सैन्य थकले होते. नव्या सरकारात परराष्ट्रमंत्री झालेले सोआरेस हे जुन्या राजवटीचे हद्दपार विरोधक होते. गोव्याविषयी भारताची भूमिका बदलली नव्हती; बदलले ते समोरचे सरकार. सप्टेंबर १९७४ मध्ये न्यूयॉर्क येथे तत्कालीन परराष्ट्रमंत्री स्वर्णसिंग यांच्याशी सोआरेस यांची बोलणी झाली. ऑक्टोबरमध्ये स्वर्णसिंग यांच्या जागी यशवंतराव चव्हाण आले.

परंतु मंत्र्यांचे मतपरिवर्तन पुरेसे नव्हते. पोर्तुगालच्या १९३३ च्या राज्यघटनेत राष्ट्राच्या भूप्रदेशाची जी गणना होती, तीत ‘भारत राज्य’ या नावाने गोवा, दमण, दीव यांचा समावेश होता. त्यामुळे ऑक्टोबर १९७४ मध्ये पोर्तुगालला स्वतंत्र कायदा करून भारताचे सार्वभौमत्व मान्य करणारा करार करण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षांना द्यावा लागला. सालाझार यांनी घटनेत बांधलेली गाठ घटनात्मक मार्गानेच सोडवावी लागली. परराष्ट्र धोरणाचा विचार करताना अंतर्गत कायद्याचा हा टप्पा बहुधा नजरेआड होतो.

तहाच्या पहिल्या कलमाची रचना बारकाईने पाहण्याजोगी आहे. गोवा, दमण, दीव, दादरा व नगर हवेली या प्रदेशांवरील भारताचे संपूर्ण सार्वभौमत्व पोर्तुगाल मान्य करतो; आणि ते कधीपासून, तर हे प्रदेश भारतीय राज्यघटनेनुसार भारताचे भाग झाले त्या तारखांपासून. १९६१ ची कारवाई योग्य होती की आक्रमण होते, यावर तह काहीच म्हणत नाही. १५१० पासूनची पोर्तुगीज सत्ता वैध होती की अवैध, यावरही नाही. मान्यता १९७४ पासून दिली असती तर मधल्या तेरा वर्षांतील भारतीय प्रशासनाची प्रत्येक कृती पोर्तुगालच्या दृष्टीने संशयास्पद राहिली असती. ती अनादिकाळापासून दिली असती तर पोर्तुगालला आपला साडेचारशे वर्षांचा इतिहास नाकारावा लागला असता. घटनादुरुस्त्यांच्या तारखांचा आधार घेतल्याने दोन्ही अडचणी टळल्या. दादरा व नगर हवेलीचा प्रश्न तर अधिकच नाजूक होता. १९५४ ते १९६१ ही सात वर्षे तेथे ना पोर्तुगालची सत्ता होती, ना भारताची. वरिष्ठ पंचायत कारभार पाहत होती. तहाने या सात वर्षांचा उल्लेखही केला नाही.

सांस्कृतिक संपर्क, पोर्तुगीज भाषेला उत्तेजन आणि ऐतिहासिक व धार्मिक वास्तूंचे जतन यांविषयीची तरतूद तहात आहे. पराभूत राष्ट्राला काहीतरी राखल्याचे समाधान देणारी ही सवलत होती, आणि ती देण्यात भारताचे काही जात नव्हते. मालमत्ता, ठेवी आणि दावे यांचा निर्णय द्विपक्षीय वाटाघाटींनी व्हावा, असे ठरले. अनुमोदनानंतर ३ जून १९७५ पासून तह अमलात आला.

यशवंतरावांच्या स्वाक्षरीला एक वेगळा संदर्भ आहे. गोवा मुक्त झाला तेव्हा ते शेजारच्या महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोमंतकीयांनी महाराष्ट्रातील विलीनीकरण नाकारले तेव्हा केंद्रीय गृहमंत्री होते. महाराष्ट्राला न मिळालेल्या गोव्यावरील भारताच्या सार्वभौमत्वाची मान्यता एका महाराष्ट्रीय नेत्याने स्वीकारावी, यातील खोच त्या काळच्या मराठी राजकारण्यांच्या लक्षात आली असणारच.

पोर्तुगाल प्रत्येक ठिकाणी असाच वागला असे मात्र नाही. डिसेंबर १९७५ मध्ये इंडोनेशियाने पूर्व तिमोरवर आक्रमण केले, तेव्हा त्याच नव्या पोर्तुगालने संबंध तोडले आणि ते चोवीस वर्षांनी, १९९९ मधील सार्वमतात तिमोरच्या जनतेने स्वातंत्र्याचा कौल दिल्यानंतरच जोडले. प्रदेश गेला याचे दुःख दोन्हीकडे सारखे होते. तिमोरमध्ये लोकांची इच्छा डावलली गेली होती, हा फरक होता. गोव्यात डिसेंबर १९६३ पासून निवडणुका होत होत्या, ही गोष्ट भारताच्या बाजूने तहाच्या कोणत्याही कलमाहून अधिक बोलकी होती.

तहानंतर

मान्यता एका स्वाक्षरीने मिळाली. पुढील वाटाघाटींवर सोपविलेल्या बाबींना पिढी गेली. गोव्यात बांकु नासिओनाल उल्त्रामारिनु ही पोर्तुगीज बँक सोने तारण ठेवून कर्ज देत असे. डिसेंबर १९६१ पूर्वी हे तारण सोने लिस्बनला हलविण्यात आले. ते राजकोषातील सोने नव्हते. गोमंतकीय कुटुंबांच्या बांगड्या, साखळ्या, मंगळसूत्रे त्यात होती. तह झाल्यावरही ते लगेच परतले नाही. १९९१ मध्ये, म्हणजे तहानंतर सोळा आणि गहाण पडल्यानंतर तीस वर्षांनी, दागिने भारतात आले. तोपर्यंत ज्या स्त्रियांनी ते गहाण टाकले होते त्यांपैकी अनेकींच्या वारसांनाच ते सोडवून घ्यावे लागले असतील.

प्रतिष्ठेच्या पातळीवर मात्र दुरुस्ती वेगाने झाली. व्हासालो इ सिल्वा यांना क्रांतीनंतर लष्करात पुन्हा प्रतिष्ठा मिळाली आणि १९८० मध्ये ते गोव्यात आले तेव्हा त्यांचे सौहार्दाने स्वागत झाले. तहावर सही करणारे सोआरेस १९९२ च्या प्रजासत्ताक दिन संचलनास राष्ट्राध्यक्ष म्हणून प्रमुख पाहुणे होते. गोमंतकीय वंशाचे आंतोनिओ कोश्ता २०१५ मध्ये पोर्तुगालचे पंतप्रधान झाले व २०१७ मध्ये भारतभेटीवर आले. संबंधांच्या पुनर्स्थापनेच्या पन्नासाव्या वर्षानिमित्त एप्रिल २०२५ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी पोर्तुगालला भेट दिली.

जुळलेल्या संबंधांची खरी परीक्षा समारंभांत नव्हे, तर एका गुन्हेगाराच्या प्रकरणात झाली. मुंबईतील १२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांत २५७ जणांचा मृत्यू झाला. त्यातील आरोपी अबू सालेम सप्टेंबर २००२ मध्ये लिस्बन येथे पकडला गेला. पोर्तुगालमध्ये मृत्युदंड नाही, जन्मठेपही नाही. आपल्या न्यायव्यवस्थेच्या तत्त्वांविरुद्ध शिक्षा होणार असेल तर त्याला सोपविता येणार नाही, असे पोर्तुगालने म्हटल्यावर भारताने डिसेंबर २००२ मध्ये सार्वभौम आश्वासन दिले : मृत्युदंड दिला जाणार नाही आणि पंचवीस वर्षांहून अधिक कारावास भोगावा लागणार नाही. नोव्हेंबर २००५ मध्ये त्याचे प्रत्यार्पण झाले. २०१७ मध्ये विशेष न्यायालयाने जन्मठेप सुनावली, तेव्हा त्या आश्वासनाचे काय, असा प्रश्न उभा राहिला. न्यायालये स्वतंत्र आहेत व सरकारचा शब्द त्यांना बांधील नाही, हे खरेच. परंतु ११ जुलै २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पंचवीस वर्षांची मुदत पूर्ण झाल्यावर केंद्र सरकारने घटनेच्या ७२ व्या अनुच्छेदाखाली राष्ट्रपतींना सल्ला देऊन दिलेला शब्द पाळावा, असे स्पष्ट केले. स्फोटांत आप्त गमावलेल्या कुटुंबांना हा निर्णय पचविणे सोपे नव्हते.

एका प्रश्नावर १९७४ चा तह मौन आहे आणि तो आजही खुला आहे. पोर्तुगीज कायद्यानुसार १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण, दीव येथे जन्मलेल्या व्यक्ती व त्यांचे वंशज पोर्तुगीज नागरिकत्वासाठी पात्र ठरू शकतात. त्यासाठी आजा-आजीच्या जन्माची नोंद लिस्बनच्या दप्तरात करावी लागते. दुसरीकडे भारतीय राज्यघटना दुहेरी नागरिकत्व मान्य करीत नाही. स्वेच्छेने परकीय नागरिकत्व घेतल्यास भारतीय नागरिकत्व संपुष्टात येते. युरोपात नोकरीसाठी जाऊ इच्छिणाऱ्या गोमंतकीय तरुणांनी मोठ्या संख्येने ही वाट धरली आहे. लिस्बनमधील केवळ जन्मनोंद म्हणजे नागरिकत्व स्वीकारणे होय काय, पारपत्र परत करण्याऐवजी ते रद्द झाले तर परदेशस्थ भारतीय नागरिक म्हणून नोंदणी मिळते काय, हे प्रश्न गेली काही वर्षे गोव्यात उमेदवारांच्या अर्जांपासून पारपत्र कार्यालयापर्यंत सतत उपस्थित होत आहेत. एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय परराष्ट्र मंत्रालयाने पारपत्र रद्द झाल्याचा दाखला नोंदणीसाठी ग्राह्य धरण्याची सूचना काढून त्यांपैकी दुसऱ्या प्रश्नाला उत्तर देण्याचा प्रयत्न केला. पहिल्याचे उत्तर प्रत्येक प्रकरणागणिक शोधले जात आहे.